उपासातला नकाशा

कशेळवाडीच्या जाखादेवीचा नैवेद्य अण्णा आठल्ये न चाखता रांधत. तसा तो सगळेच रांधतात. देवीच्या आधी माणसाच्या जिभेला लागलेलं अन्न तिच्या ताटात वाढायचं नाही, हे कोकणात कुणाला शिकवावं लागत नाही. पण अण्णांच्या वरणात मीठ किंवा नारळीभातात गूळ कधी कमी-जास्त झाला नाही, हे पंगतीतली म्हातारी माणसं कौतुकाने सांगत. कुणी डिवचलंच, "अण्णा, चोरून चाखता की काय?" तर अण्णा हातातली पळी न थांबवता म्हणत, "चाखलं असतं तर चुकलं असतं. जिभेला मोह असतो. नाकाला नसतो."

नवरात्रात तर चाखण्याचा प्रश्नच नव्हता. अण्णा घटी बसत. सकाळ-संध्याकाळ पेलाभर दूध आणि पाणी, एवढ्यावर नऊ दिवस राहून ते रोज दोनशे पानांचा महाप्रसाद उतरवत. देवळाचा रिवाजच तसा होता : नवरात्रात देवीची चूल पेटवणाऱ्याने स्वतः उपास धरलेला असायला हवा. अण्णांच्या वडिलांनी ते केलं, अण्णा करत होते, आणि पुढे पुतण्याने करावं म्हणून सदाला त्यांनी हाताखाली घेतलं होतं. सदा पन्नाशीला आला होता, तोही घटी बसे, पण अण्णा अजून त्याला फोडणी घालू देत नसत.

त्या वर्षी यामिनी पाचव्या माळेला पुण्याहून घरी आली. अण्णांची ही एकुलती मुलगी. आई गेल्यापासून नवरात्रात ती न चुकता येई. देवळाच्या स्वयंपाकघरात चुलीसमोर पाठमोरे बसलेले वडील पाहून ती उंबऱ्याशीच थांबली. जानवं त्यांच्या खांद्यावरून सारखं घसरत होतं.

"अण्णा, केवढे उतरलात."

"नवरात्रात उतरतोच. तू दर वर्षी हेच म्हणतेस."

"दर वर्षी तुमचं जानवं घसरत नाही."

मग एकेक गोष्ट बाहेर काढावी लागली. चैत्रापासून दोन घासांत पोट भरल्यासारखं व्हायचं. छातीच्या खाली जळजळ. आणि गणपतीनंतर शौचाला काळं होत होतं, ते तर सदालाही ठाऊक नव्हतं.

"दसरा झाला की रत्नागिरीला जाऊ," यामिनी म्हणाली. "दुर्बिणीने आत बघतील. रिकाम्या पोटी जावं लागतं."

अण्णांनी मान वर केली. "मग दसरा कशाला हवा? पोट रिकामंच आहे की. नंतर गेलो तर पुन्हा एक दिवस उपाशी ठेवाल. असलेल्या उपासातच उरकून टाकू."

यामिनीला हसू आलं. त्यात वावगं काहीच दिसलं नाही. सातव्या माळेचा स्वयंपाक सदावर सोपवून बापलेक बॅटरीवरच्या एसटीने रत्नागिरीला गेले. नर्सने विचारलं, गेल्या आठ तासांत काही खाल्लं-प्यायलंत का? अण्णांनी नाही म्हणून सांगितलं, आणि ते खरं होतं. जठराच्या वरच्या अंगाला, अन्ननलिका जिथे येऊन मिळते तिथे, रुपयाएवढी खरबरीत चकती दिसली. तिचे चार कण कापून घेतले गेले. संध्याकाळी अण्णा परत चुलीपाशी होते.

*

जठराचा कर्करोग जठरातच राहिला तर त्याच्याशी लढता येतं. तो निघाला की अवघड होतं, आणि निघायचा त्याचा पहिला रस्ता लसिकावाहिन्यांचा. रक्तवाहिन्यांच्या जोडीने हे दुसरं, बारीक, बिनरंगाचं जाळं शरीरभर पसरलेलं असतं. त्याच्या नाक्यानाक्यावर लसिकाग्रंथी असतात. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, ती सुजलेली ग्रंथीच. यामिनीने अण्णांना तसंच समजावलं. जठराभोवती अशा ग्रंथींचे सोळा गट असतात.

गाठीला तिथवर जायला तयार रस्ता लागतोच असं नाही. काही गाठी रस्ता बोलावून घेतात. त्यांच्या पेशी वाढघटक नावाची प्रथिनं तयार करतात. त्यांतलं एक लसिकावाहिन्यांना फुटवे आणतं. फुटवे गाठीकडे वाढत येतात आणि त्यांतून रोगाच्या पेशी ग्रंथींकडे सरकतात. अण्णांची गाठ जठराच्या दुसऱ्या थरापर्यंत पोचली होती. अशा पाच जणांत साधारण एकाच्या ग्रंथींत रोग गेलेला असतो, तोही इतका कणभर की कुठल्या स्कॅनला दिसत नाही. तो एक कोण, हे पूर्वी कळत नसे. म्हणून पाचही जणांची शस्त्रक्रिया मोठी होई. गाठ अण्णांच्यासारखी वरच्या अंगाला असली तर जठरच्या जठर काढत, आणि चौघं जण विनाकारण बिनजठराचे जगत.

ते थांबलं लसिकानकाशामुळे. पुण्यात यामिनी ज्या संस्थेत काम करत होती, तिथेच तो घडला होता. गाठीचा कण यंत्रात ठेवला की त्यातल्या पेशी कोणता वाढघटक किती तयार करत आहेत, हे यंत्र मोजतं. हजारो जुन्या रुग्णांच्या गाठी आणि ग्रंथी पाहून ते शिकलेलं असतं. त्यावरून या गाठीचे फुटवे कुठवर गेले असतील ते सांगतं. पडद्यावर जठराचं चित्र उमटतं आणि भोवती सोळा ठिपके. हिरवा ठिपका म्हणजे तिथे रोग नाही. तांबडा म्हणजे तो गट काढा. आता तालुक्याच्या गावचे डॉक्टरही आधी नकाशा मागत.

नात्यातल्या माणसाचा नकाशा स्वतः वाचायचा नाही, असा संस्थेचा नियम होता. अण्णांचा नकाशा विभागप्रमुख नीलकांत रेगे यांनी वाचला आणि यामिनीला फोन केला. "सोळाच्या सोळा हिरवे. पेढे आण."

रत्नागिरीच्या डॉ. शबाना मुकादम यांनी अण्णांना पडदा दाखवून सांगितलं, "दुर्बिणीतूनच गाठ खरवडून काढू. जठर आहे तिथे राहील."

"म्हणजे जेवायला मोकळा?"

"मोकळे."

"आणि उपासाला?"

डॉक्टर हसल्या. "उपासालाही मोकळे."

दिवाळीच्या आधी गाठ निघाली. घरी सोडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी अण्णांनी वॉर्डातल्या सगळ्यांसाठी सांजा करून सदाबरोबर पाठवला. डॉक्टरांचा फोन आला, "अण्णा, साखर नेमकी पडलीय. न चाखताच केलात?"

"तुम्ही कुठे देवी लागून गेलात," अण्णा म्हणाले. "चांगला वाटीभर चाखलाय."

*

जानेवारीत जोडून सुट्ट्या आल्या. संस्थेच्या उंदरांच्या खोलीत खाणं टाकणारं यंत्र अडकलं आणि ते सुट्ट्या संपेपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. रेगे दुपारच्या डब्याला बसल्यावर ते सगळ्यांना सांगत होते.

"अख्खी खेप फुकट. ज्या उंदरांच्या ग्रंथी रोगाने भरल्यात, त्यांचे नकाशे हिरवेगार. शरीर उपाशी पडलं की इन्सुलिनच्या भावंडासारखा जो वाढघटक असतो ना, तो पहिल्यांदा खाली येतो. त्याच्या जिवावर गाठ फुटव्यांचा घटक बनवत असते. मग ते कामही थंडावतं. गेलेला रोग ग्रंथीत तसाच बसलेला, फक्त गाठ गप्प. दोन दिवस खायला घाला, की परत सुरू." त्यांनी पोळीचा तुकडा आमटीत बुडवला. "नकाशाच्या दृष्टीने उपाशी उंदीर हा आदर्श रुग्ण."

सगळे हसले. यामिनीने हातातला घास डब्यात परत ठेवला.

"माणसांत होतं असं?"

"होत असणार. पण माणसं आठ तासच उपाशी असतात. आठ तासांत काही हलत नाही."

"सहा दिवस असतील तर?"

"सहा दिवस कशाला कोण..." रेगे बोलता बोलता थांबले. त्यांच्या आई चातुर्मासात एकभुक्त राहत असत. ते त्यांनीच कधीतरी सांगितलेलं होतं. डब्याचं झाकण लावत ते हळू आवाजात म्हणाले, "अण्णांची दुर्बीण कधी झाली?"

"सातव्या माळेला."

नकाशा ज्या रुग्णांवर शिकला होता त्यांत असं माणूस जवळपास नव्हतंच. नवरात्रात, रमजानात, पर्युषणात दुर्बिणीचे विभाग ओस असतात. जो तो सण उरकून मग येतो. उपास चालू असताना, तेवढीच सोय म्हणून येणारा अण्णांसारखा विरळाच. आणि जे आले असतील त्यांना गेल्या आठ तासांपलीकडचं कुणी विचारलंच नव्हतं.

"गाठ काढली तेव्हा ते जेवत होते?" रेग्यांनी विचारलं.

"दसऱ्यापासून व्यवस्थित."

"मग ती गाठ मेणात बसवून ठेवलेली असेल. मागवून घेतो."

काढलेल्या गाठीचे तुकडे मेणाच्या ठोकळ्यांत वर्षानुवर्षं राहतात. अण्णांचा ठोकळा पुण्याला आला. रेग्यांनी तो नावं झाकलेल्या इतर बऱ्याच ठोकळ्यांत मिसळून यंत्राला दिला, म्हणजे वाचणाऱ्याला आपण कुणाचं वाचतोय ते कळू नये. यामिनी बाहेर बाकावर बसली होती. रेगे बाहेर येऊन तिच्या शेजारी बसले. जठराच्या आतल्या वळणाच्या कडेने, ते म्हणाले, तीन ठिपके तांबडे आहेत.



"उपासाच्या दिवसांतले सगळे नकाशे आता उपसायला लागतील," रेगे म्हणाले. "त्या माणसांना परत बोलवायचं. पेपरात येईल. संस्थेची शोभा होईल."

"होऊ दे."

"हो, होऊ दे. गप्प बसता आलं असतं तर बरं वाटलं असतं, एवढंच म्हणतोय." ते उठले. "तू घरी जा. फोनवर सांगू नकोस त्यांना."

*

यामिनीने फोनवर सांगितलं नाही. डॉ. मुकादमही रत्नागिरीहून स्वतः गाडी चालवत कशेळवाडीला आल्या. अण्णा ओटीवर सुपाऱ्या सोलत बसले होते. अंगाने भरले होते. गालांवर तजेला होता. डॉक्टर घरी आल्या म्हणून त्यांनी सदाला कोकम सरबत करायला पिटाळलं, आणि मग दोघींचे चेहरे बघून अडकित्ता खाली ठेवला.

दोघींनी आळीपाळीने सगळं सांगितलं.

"म्हणजे परत दिलेलं पोट मागायला आलात," शेवटी ते म्हणाले.

"हो अण्णा," डॉक्टर म्हणाल्या.

"एकदा चुकलेला नकाशा दुसऱ्यांदा बरोबर कशावरून?"

याचं उत्तर यामिनीने एसटीत बसून जुळवलं होतं. ते आता लांबलचक वाटलं. "पहिल्या वेळी तुम्ही उपाशी होतात, गाठ काढली तेव्हा नव्हतात. त्या मापाने हा नकाशा खरा मानायचा. शंभरातल्या सत्तर वेळा तो म्हणतो तिथे रोग सापडतो. तीस वेळा नाही सापडत."

"आणि काहीच नाही केलं तर?"

"रोग तिथे असेल, तर पुढे जाईल."

"सदा," अण्णांनी आत बघून हाक मारली, "सरबतात जिरं घातलंस का रे?" आतून हो आलं. मग ते डॉक्टरांकडे वळले. "काढल्यावर माणूस जेवतो कसा?"

"अन्ननलिका थेट आतड्याला जोडतो. साठवायला जागा नसते. म्हणून मूठभर खायचं, दर दोन तासांनी. चावून चावून. जेवताना पाणी नाही. वेळ चुकली किंवा एकदम जास्त झालं की घाम फुटतो, गरगरतं, कधी माणूस पडतोही."

"दर दोन तासांनी."

"कायमचं."

"नवरात्रातसुद्धा."

"नवरात्रातसुद्धा. मी रोजे धरते, अण्णा. काय सांगतेय ते कळतं मला."

पुढचं तिघांनाही ठाऊक होतं. जो घटी बसू शकत नाही, त्याने देवीची चूल पेटवायची नाही.

"मी दसऱ्यापर्यंत थांबलो असतो तर?" अण्णांनी विचारलं.

"तर तेव्हाच कळलं असतं," यामिनी म्हणाली. "मी थांबवायला हवं होतं. माझ्या कामातलीच गोष्ट होती."

"तू कुठे नेलंस मला? एक उपास वाचवायला मीच निघालो. चिकटपणा माझा." त्यांनी अडकित्ता उचलला, उघडमिट केला, परत ठेवला. "मला आठ दिवस द्या, डॉक्टरीणबाई."

"आठ दिवसांनी काय होणार आहे?"

"वानगी काढून बघतो."

डॉक्टरांना कळलं नाही. सरबत घेऊन आलेल्या सदाने सांगितलं, "पाचशे पानांची पंगत असली की काका आधी चार माणसांपुरतं करून बघतात. जमलं तर पातेली चढवायची."

*

दुसऱ्या दिवसापासून अण्णा बिनजठराच्या माणसासारखे जेवायला लागले. तुपाची छोटी वाटी त्यांनी त्यासाठी वेगळी काढली. मूठ भरून भात तिच्यात सोडला, तो नेमका बसला. यामिनीने रजा वाढवली आणि आपल्या मोबाइलवर दर दोन तासांचा गजर लावून दिला.

"हे जेवण आहे की प्रसाद?" पहिल्या दिवशी अण्णा वाटीकडे बघून म्हणाले.

"प्रसाद म्हणा."

"प्रसाद एकदा मिळतो. हा दिवसभर वाटत बसलाय."

त्यांना भूक लागत होती, कारण पोट अजून होतं. पाणी मागे ठेवायचं ते विसरत. गजर झाला की हातातलं काम टाकून उठायचं, याचा त्यांना संताप येई. खोबरं किसताना, माणसाशी बोलताना, एकदा तर अंगाला साबण लावलेला असताना गजर झाला आणि न्हाणीघरातून त्यांनी यंत्राच्या बापाचा उद्धार केला. पण तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून त्यांच्यातला आचारी जागा झाला. एवढ्याशा वाटीत अख्खं जेवण कसं बसवायचं? मऊ भातावर मेतकूट आणि तुपाची धार. सायीच्या दह्यात कालवलेली, शिजवलेल्या तांदळाची भरड. अळूचं फदफदं आटवून आटवून चमचाभर. चावायचंच आहे तर चावण्यासारखं काहीतरी हवं, म्हणून खोबऱ्याची कातळी. यामिनी शेजारी बसून तीच वाटी खाई. आई गेल्यापासून या घरात दोघं इतक्या वेळा एकत्र जेवायला बसली नव्हती.

"दोनशे पानांचा अंदाज आहे मला," अण्णा एकदा म्हणाले. "मुठीचा नव्हता."

"जमेल असं वाटतं?"

"भातापुरतं म्हणालीस तर जमेल."



आठव्या दिवशी पौर्णिमा होती आणि देवीला नैवेद्य होता. अण्णा चुलीसमोर बसले होते, सदा शेजारी नारळ वाटत होता, यामिनी उंबऱ्याबाहेर बकुळीखाली उभी होती. कढईत तेल तापलं. अण्णांनी मोहरीचा डबा पुढे ओढला, आणि गजर झाला.

यामिनीने तो घाईघाईने बंद केला. एका दिवसाने काय बिघडतं, असं ती म्हणणार होती. पण अण्णा गुडघ्यावर हात टेकून उठले होते.

"सदा, फोडणी घाल."

सदा त्यांच्याकडे बघत राहिला. "मी?"

"तेल जळायची वाट बघणार आहेस?"

सदा चुलीसमोर सरकला. अण्णा उंबरा ओलांडून बाहेर आले, बकुळीच्या पारावर बसले आणि यामिनीच्या हातातून वाटी घेतली. आत मोहरी तडतडली, मग हिंग, मग कढीलिंब. अण्णांनी घास तोंडात घोळवत डोळे मिटून वास घेतला.

"हिंग जरा उशिरा पडला," ते म्हणाले. वाटी संपवली, चमचा तिच्यात नीट आडवा ठेवला. "डॉक्टरीणबाईंना फोन लाव."

*

नकाशाने दाखवलेल्या तीन गटांपैकी दोन गटांत रोग सापडला. डॉ. मुकादमांनी ते यामिनीला शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर सांगितलं आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून तशाच उभ्या राहिल्या.

पुण्यात रेग्यांनी जुने नकाशे उपसले. पेपरात आलं, आणि संस्थेची व्हायची ती शोभा झाली. पर्युषणात तपासलेल्या बारामतीच्या एक बाई, रमजानात आलेले मालेगावचे एक शिक्षक, अशी किती तरी माणसं पुन्हा बोलावली गेली. बहुतेकांचं नव्याने काढलेलं चित्रही हिरवंच आलं. काहींचं नाही आलं. त्यानंतर नकाशा काढायच्या आधी यंत्राच्या पडद्यावर एक नवा प्रश्न दिसू लागला : गेल्या महिन्याभरात उपास केला होता का, आणि कोणता? तो प्रश्न यामिनीने लिहिला होता. अण्णांना तिने ते सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "ज्यांची पोटं काढलीत त्यांना सांगा, सुरुवातीला मूठ जरा सैल धरायची. गच्च भरली की जड जातं."

नवरात्रात सदाने चूल पेटवली. अण्णांसाठी बकुळीखाली प्लास्टिकची खुर्ची ठेवली होती. घटस्थापनेला ते देवळाकडे पाठ करून बसले, आणि गजर झाला की वाटीवर पंचा टाकून चोरट्यासारखे खात. तिसऱ्या माळेला त्यांनी स्वतः उठून खुर्ची फिरवली.

"कंटाळा आला पाठमोरं बसून," ते यामिनीला म्हणाले. "आणि हे बघ, नऊ दिवस गाव उपाशी असतं, ती मात्र रोज जेवते. मी आता तिच्या पंगतीला आहे."

त्याच्या पुढच्या नवरात्रातही ते त्या खुर्चीत होते. सदाच्या फोडणीला नावं ठेवत होते आणि सदा ती आनंदाने ऐकून घेत होता. मग थंडीत त्यांचं वजन पुन्हा उतरू लागलं, आणि या वेळी कुठलाही नकाशा काढावा लागला नाही. रोग यकृतात साध्या तपासणीतच दिसला. फाल्गुनात अण्णा गेले. सातव्या माळेपासून दुसऱ्या शस्त्रक्रियेपर्यंत जो वेळ गेला, त्याचं गणित यामिनीने कधी मांडलं नाही. मांडायला लागणारे सगळे आकडे तिच्यापाशी होते.

*

त्या वर्षी नवरात्रात ती आली तेव्हा तिने स्वतः उपास धरला होता. कशासाठी, ते तिला नीट सांगता आलं नसतं. बकुळीखालची खुर्ची कुणी उचलली नव्हती. तिच्यावर फुलं पडून वाळली होती.

सातव्या माळेच्या सकाळी ती पारावर बसून नारळ सोलत होती. आत सदाची गडबड चालली होती. नैवेद्य व्हायचा होता. तिच्या मोबाइलवर गजर झाला. तो तिने अजून काढलेला नव्हता. वाजला की ती बंद करी आणि दोन तासांनी तो पुन्हा वाजे.

स्वयंपाकघरातून सदा बाहेर आला. हातात तुपाची छोटी वाटी, तिच्यात मऊ भात, वर मेतकूट. खुर्चीपर्यंत तो तसाच भराभर चालत आला आणि तिथे थांबला.

"गजर ऐकला," तो म्हणाला. वाटी कुठे ठेवावी ते त्याला कळेना. "हाताला सवय लागलीय. भाताचं लहान पातेलं अजून लावतो मी रोज. कुत्र्याला घालतो मग."

"आण इकडे, सदादादा."

"यामू, तुझा उपास आहे ना?"

"आण."

तिने खुर्चीवरची फुलं झटकली आणि देवळाकडे तोंड करून बसली. भात कोमट होता. पहिला घास तिने सावकाश चावला, मग दुसरा. सदा समोर उभा होता. चूल सोडून आलोय हे त्याच्या लक्षात नव्हतं.

"हिंग उशिरा पडला का गं फोडणीत?" त्याने विचारलं. "वास येतोय तुला इथवर?"

यामिनीने डोळे मिटले आणि खोल श्वास घेतला.

"नाही," ती म्हणाली. "वेळेवर पडलाय."